बिघडला ड्रायव्हर, बिल ग्राफिक कार्डाचं

एक्सेलची विंडो सरकवली की मागे तिचे तुकडे उरतात. स्क्रोल केलं तरी जुन्याच ओळी दिसतात. असा लॅपटॉप दुकानात नेला की काही ठिकाणी लगेच सांगतात, "ग्राफिक कार्ड उडालंय." मग दोन दिवस ठेवून घेतात, ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा ग्राफिक भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने टाकतात आणि कार्डाचे हजारो रुपये लावतात. लॅपटॉप खरोखर सुरळीत चालू लागतो, म्हणून गिऱ्हाइकाला संशयही येत नाही.

दुकानाची पायरी चढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. त्यातही तुकडे दिसले तर पॅनेल आणि केबलचा दोष नाही. "स्क्रीन बदलावी लागेल" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. पडदा क्षणभर काळा होऊन ग्राफिक ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. एवढ्याने चित्र सुधारलं तर संशय ड्रायव्हरवरच घ्यायचा.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीत, 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल तर मूळ ड्रायव्हर चालूच नाही. विंडो रंगवण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो, म्हणून ती अडखळते. आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून फुकट मिळतो. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर', म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणणं, आधी करून पाहा. एकट्या क्रोममध्येच गडबड असेल तर सेटिंग्जमधल्या 'सिस्टम'मध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा.

याच यादीत फक्त इंटेल यूएचडी असेल आणि कंपनीच्या माहितीतही आपल्या मॉडेलला वेगळं ग्राफिक कार्ड दिलेलं नसेल तर नीट लक्ष द्या. ते ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं, वेगळं कार्ड नसतंच. अशा लॅपटॉपच्या बिलावर 'ग्राफिक कार्ड बदलले' लिहिणं म्हणजे उघड लबाडी आहे.

विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच्या) पडद्यावरही रेघा किंवा ठोकळे दिसले तर मात्र हार्डवेअर तपासायलाच हवं. तेव्हाही ग्राफिक चिप नुसती गरम करून 'बदलली' म्हणणारे भेटतात. तो उपाय बहुधा तात्पुरता असतो, आणि दोष परत येतो तेव्हा तोंडी वॉरंटी कुणालाच आठवत नाही.

लॅपटॉप हातात देण्याआधी डिव्हाइस मॅनेजरचा फोटो काढून ठेवा. काढलेला जुना भाग परत मागा, बिलावर पार्ट नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, फोन करा. तक्रारीला तो फोटो आणि ते बिल लागेल.