नडाबेट सीमादर्शन: निवृत्त ओव्हरसियरच्या नजरेतून

गुजरातच्या रणात, नडाबेटला, पाकिस्तान सीमेवरचं कुंपण बघायला गेलो. बायको म्हणाली, "अहो, तारा बघायला एवढ्या लांब?" पण चाळीस वर्षं साइटवर काढली की नजर खांबांकडेच जाते. दुहेरी रांग, मध्ये काटेरी वेटोळी, रात्रीसाठी फ्लडलाइट. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, म्हणून सगळं मातीच्या भरावावर. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकवणं म्हणजे कायमची डागडुजी! हद्द मात्र कुंपणाच्याही पलीकडे, हे तिथंच कळलं. बीएसएफची परेड झकास, नडेश्वरी मातेचं दर्शनही झालं. आमचा टूरवाला मात्र सारखा "चला, चला". रेटिंगमधला एक तारा त्याच्यामुळे कापला. पाचपैकी चार. टोपी न्याच.