घोडी कोणाकडे न्यायची: जॅनस, फिअरनॉट की जॉली रॉजर?

समजा साल १७६७ आहे. तुम्ही ब्रिटिशांच्या व्हर्जिनिया वसाहतीत तंबाखू पिकवता आणि दारात एक घोडी आहे. साडेतेरा हॅन्डची, म्हणजे खांद्यापाशी जेमतेम साडेचार फूट (एक हॅन्ड म्हणजे चार इंच). अंगाने आटोपशीर, पायाने पक्की, सुटली की पहिल्या शंभर पावलांत सगळ्यांच्या पुढे. बाकी वेळ ती रानात चरते. तिला धरून आणायला कधी कधी अख्खी सकाळ जाते. तिथे राहिलेल्या एका पाद्र्याने लिहून ठेवलंय, की दोन-तीन मैलांवरच्या चर्चला घोड्यावर बसून जायचं म्हणून ही माणसं आधी रानात मैलोगणती पायपीट करत घोडा शोधतात. म्हणजे घोड्याचं वेड किती, ते समजा.

आता या घोडीला विलायती नर लावायचाय. इंग्लंडहून जहाजाने आणलेले थरोब्रेड (तिथली शर्यतीच्या घोड्यांची जात) नर १७३० पासून इथे येताहेत. त्यांतले तीन मी समोर ठेवतो. तिघेही या साली जिवंत आहेत आणि तिघांचंही नाव मोठं आहे. पण माझ्या मते निवड नावावर करायचीच नाही. शिंगरू कुठे पळवणार आणि आपल्या घोडीत काय कमी आहे, या दोनच गोष्टी बघायच्या.

पळवायच्या जागा दोन. एक क्वार्टर पाथ: झाडी तोडून काढलेली सरळ पाव मैलाची वाट, म्हणजे सुमारे ४०० मीटर. दोन घोडे, दोन स्वार आणि श्वास आत घेऊन सोडेपर्यंत निकाल. दुसरी इंग्लंडच्या वळणाची: चार मैलांची फेरी, तीही एकदा नाही. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, मध्ये थोडी विश्रांती. तिसरी फेरी लागली तर एका दिवसात १२ मैल. पहिल्या शर्यतीला घोड्याचा पुठ्ठा लागतो, दुसरीला छाती.

जॅनस

जन्म १७४६, रंग तांबूस. उंची १४ हॅन्ड आणि वर पाऊण इंच. आजच्या मापात १४४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या वरातीत आणलेलं तट्टूही याच्या खांद्याला खांदा लावेल. आजा मात्र गोडॉल्फिन अरेबियन, ज्या तीन मूळ नरांपासून थरोब्रेड जात उभी राहिली त्यांतला एक. ग्लॉस्टर काउंटीच्या मॉर्डेकाय बूथने त्याला १७५० च्या दशकात इथे आणलं.

गंमत अशी, की जॅनस स्वतः इंग्लंडमध्ये चार-चार मैलांच्या फेऱ्या पळालेला. पण इथे त्याची शिंगरं निघाली ती बंदुकीच्या गोळीसारखी: पाव मैलात कोणाला ऐकायची नाहीत, पुढे मात्र दम सरायचा. हे का झालं असावं? माझं मत असं, की यात जॅनसइतकाच इथल्या घोड्यांचाही हात आहे. तंबाखूच्या या मुलखात शंभर वर्षं माणसं छोट्या वाटांवर पैजा लावत आली. १६७४ मध्ये यॉर्क काउंटीत जेम्स बुलॉक नावाच्या शिंप्याने एका डॉक्टरशी २,००० पौंड तंबाखूची पैज लावून घोडी पळवली. कोर्टाने त्याला १०० पौंड तंबाखूचा दंड केला, कारण शर्यत हा फक्त उमरावांचा खेळ. शिंप्याची घोडी घ्या की जमीनदाराची, सगळ्यांनी वेचून ठेवली ती झटक्यात सुटणारीच. अशा घोड्यांवर आखूड पाठीचा, भरदार पुठ्ठ्यांचा जॅनस आला आणि दोन्हींकडचा जोर एकाच दिशेने लागला.

त्याची छापही अशी पक्की, की शिंगरू लांबून बघून बाप सांगावा: तांबडा रंग, मागून गोळाबंद, पुठ्ठ्यावर कधी कधी पांढरे ठिपके. लोकांनी ही छाप आणखी घट्ट करायला त्याच्या मुली आणि नाती पुन्हा त्यालाच दाखवल्या. फायदा झाला हे खरं, पण तुमची घोडी आधीच जॅनसची मुलगी असेल तर मी नेणार नाही. आहे तेच दामदुप्पट करून काय मिळवायचं?

वय २१. ऐकून दचकू नका. इंग्लंडने वसाहतीला बहुतेक वेळा उतारवयातलेच नर विकले. मंकी नावाचा घोडा १७४७ मध्ये आला तेव्हा २२ वर्षांचा होता, तरी त्याने इथे सुमारे ३०० शिंगरं दिली असं सांगतात. जॅनस पुढे आणखी डझनभर वर्षं जगणार आहे. पण म्हाताऱ्या नराकडे जाताना ठराव मात्र हमीचाच करायचा. त्याबद्दल खाली सांगतो.

फिअरनॉट

जन्म १७५५. कुमाईत, म्हणजे लालसर तपकिरी अंग आणि काळी आयाळ. १५ हॅन्ड ३ इंच, जॅनसपेक्षा सहा इंचांहून उंच. बाप रेग्युलस, ज्याने इंग्लंडच्या राजाने बक्षीस लावलेल्या आठ शर्यती एका हंगामात मारल्या. फिअरनॉटने स्वतःही अशा शर्यती जिंकल्या आहेत. या किंग्ज प्लेटमध्ये पाठीवर १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन घेऊन चार मैलांच्या फेऱ्या पळायच्या. त्याला आणलं कॅरोलाइन काउंटीच्या कर्नल जॉन बेलर यांनी, १७६४ मध्ये. गृहस्थ केंब्रिजला शिकलेले, आपल्या जमिनीचं नावच न्यूमार्केट ठेवलेलं. इंग्लंडच्या शर्यतींची राजधानी असलेल्या गावाचं नाव तंबाखूच्या शेताला! शौक असा असला की पैसा टिकत नाही. बेलर १७७२ मध्ये गेले ते कर्जात बुडूनच.

ज्या वर्षी फिअरनॉट समुद्र ओलांडून आला, त्याच वर्षी १ एप्रिलला इंग्लंडमध्ये रेग्युलसच्या मुलीला, स्पिलेटाला, एक शिंगरू झालं. त्याचं नाव एक्लिप्स. १७६७ मध्ये ते तीन वर्षांचं आहे आणि अजून शर्यतीच्या मैदानावर उतरलेलंही नाही. पुढे ते आयुष्यात एकदाही हरणार नाही आणि जगातल्या बहुतेक थरोब्रेडच्या बापकुळीत त्याचं नाव निघेल. फिअरनॉट नात्याने त्याचा सावत्र मामा. बेलरना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण व्हर्जिनियात जे रक्त आलं ते किती वरचं होतं, हे यावरून कळतं.

फिअरनॉटची शिंगरं उंच, लांब टांगेची आणि दमदार होतात. व्हर्जिनियाच्या घोड्याला उंची आणि चार मैलांचा दम कोणी दिला असं विचारलं, तर पहिलं नाव याचंच घ्यावं लागतं. वय १२, म्हणजे ऐन उमेदीचा. अडचण दोन ठिकाणी. दर जबर आहे, आणि साडेतेरा हॅन्डच्या घोडीला एकदम एवढा मोठा नर दिला की पहिल्या पिढीत शिंगरू बेढब निघू शकतं: बापाचे पाय, आईची छाती. चार मैल पळवायचं म्हणजे दोन-तीन वर्षं दाणा घालून वाट बघायची, शिकवणारी माणसं ठेवायची. क्वार्टर पाथच्या घोड्याला एवढा खर्च नाही.

जॉली रॉजर

याच्याबद्दल थोडक्यात. जन्म १७४१, तांबूस. इंग्लंडमध्ये नाव होतं रॉजर ऑफ द व्हेल (इथे व्हेल म्हणजे दरी). इथे आल्यावर जॉली रॉजर झाला, चाच्यांच्या झेंड्याचं नाव. १७५० च्या आगेमागे आलेला हा घोडा दोघांच्या मधला: जॅनसइतका एकसुरी नाही, फिअरनॉटइतका भव्य नाही. त्याचं खरं देणं म्हणजे मुली. पुढे याच्या मुली फिअरनॉटला लावून चांगले घोडे निघाले. पण आज तो २६ वर्षांचा आहे, आणखी पाचच वर्षं जगणार. मी घोडी त्याच्याकडे पाठवणार नाही. त्याची एखादी तरुण मुलगी विकाऊ असेल तर ती मात्र विकत घेईन.

जाहिरात वाचताना

नरांच्या जाहिराती व्हर्जिनिया गॅझेटमध्ये वाचायच्या. त्यातही गोंधळ आहेच: विल्यम्सबर्गला सध्या याच नावाची दोन वर्तमानपत्रं निघतात. दर साधारण तीन तऱ्हेचे. एका उडीचा, अख्ख्या हंगामाचा, आणि शिंगराच्या हमीचा. हमीचा सगळ्यात महाग, पण घोडी गाभण राहिली नाही तर पैसे बुडत नाहीत. दर कशात लिहिलाय तेही बघा. व्हर्जिनियाचा पौंड इंग्लंडच्या पौंडापेक्षा हलका, पिस्टोल हे स्पॅनिश नाणं, आणि तंबाखूत दर असेल तर वखारीची पावती चालते. १७३० च्या कायद्यापासून या पावत्या नोटांसारख्या फिरतात.

खाली हमखास एक ओळ: चराई चांगली मिळेल, पण घोडी पळून गेली किंवा इजा झाली तर मालक जबाबदार नाही. आपल्या पार्किंगमध्ये ‘वाहन आपापल्या जबाबदारीवर लावावे’ लिहितात, तसंच. घोडी आठवडेच्या आठवडे परक्या कुरणात राहणार, तेव्हा ते कुंपण स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.

सगळ्यात मोठी फसवणूक नावाची. वंशावळीचं छापील बाड इंग्लंडमध्येच १७९१ मध्ये निघणार आहे. आज हातात काय, तर विकणाऱ्याने दिलेला दाखला. आणि गाजलेल्या नराच्या मुलालाही तेच नाव द्यायची इथे रीत. ‘जॅनस’ म्हणून दाखवलेला घोडा ‘लिटल जॅनस’ निघू शकतो. कागद नंतर वाचा, आधी घोडा बघा. सारंगखेड्याच्या यात्रेत मी उलटंच पाहिलंय: माणसं आधी अंगावरचे भोवरे मोजतात, देवमण (शुभ मानलेला भोवरा) शोधतात आणि पाय बघायची आठवण सौदा ठरल्यावर होते. कागदांच्या या ढिलाईची किंमत अमेरिकेने फार उशिरा मोजली. १९१३ मध्ये इंग्लंडने नियम केला, की वंशावळीतलं प्रत्येक नाव त्यांच्या बाडापर्यंत पोहोचलं नाही तर घोडा थरोब्रेड धरणार नाही. अमेरिकेचे कितीतरी विजेते घोडे त्यामुळे १९४९ पर्यंत इंग्लंडच्या लेखी अर्धरक्तीच राहिले.

कुठल्याच जाहिरातीत नसते ती गोष्ट वेगळीच. या घोड्यांना दाणापाणी करणारी, एका काउंटीतून दुसरीत चालवत नेणारी आणि पाठीवर बसून पळवणारी माणसं बहुतेक गुलाम होती. नराच्या सात पिढ्या छापायच्या, मोतद्दाराचं नाव नाही. ऑस्टिन कर्टिससारखा एखादाच नावाने उरला. नॉर्थ कॅरोलायनातल्या विली जोन्सच्या मालकीचा हा गुलाम क्वार्टर शर्यतींतला नामांकित स्वार आणि शिकवणारा होता. स्वातंत्र्ययुद्धात मालकाचे घोडे त्याने इंग्रजांच्या हाती लागू दिले नाहीत. त्याला मुक्ती मिळाली १७९१ मध्ये, तीही विधिमंडळाचा ठराव होऊन.

मग न्यायची कुठे?

तुमची घोडी साडेतेरा हॅन्डची, झटक्याने सुटणारी आणि गाठीला पैसा बेताचा. शर्यत गावच्या वाटेवरच होणार. तर जॅनस, यात मला शंका नाही. तिच्यात जे आहे तेच तो पक्कं करेल आणि शिंगरू दुसऱ्या वर्षीच स्वतःचा खर्च काढायला लागेल. आजचा अमेरिकन क्वार्टर हॉर्स आपलं मूळ या नरापर्यंत नेतो, ते उगीच नाही.

घोडी १४ हॅन्डच्या वर असेल, थोडं विलायती रक्त आधीच असेल आणि तीन-चार वर्षं थांबायची ऐपत असेल, तर फिअरनॉट. दर बघून कचरू नका. त्याचा मुलगा नर म्हणून ठेवला तर पुढे तुम्हीच जाहिरात द्याल.

पण मला विचाराल तर मी दोन टप्प्यांत जाईन. यंदा जॅनस. मुलगी झाली तर ठेवायची, आणि ती भरली की फिअरनॉटकडे न्यायची. भीमथडीच्या आपल्या काटक घोड्यांत अरबी रक्त मिसळलं तेही असंच, पिढी-पिढीने, असं मानतात. हिशेब मात्र वेळेचा जुळायला हवा. घोडी अकरा महिने गाभण राहते, मुलगी भरायला चार वर्षं, म्हणजे १७७२ उजाडेल. फिअरनॉट तेव्हा १७ वर्षांचा असेल आणि त्याच्याकडे १७७६ पर्यंतच वेळ आहे.

निरोप आत्ताच धाडा, मार्चनंतर रांग लागते. आणि घोडी नेण्याआधी तिच्या मागच्या पायांचे नाल काढून घ्या. एवढ्या किमतीच्या नराला लाथ बसली तर ‘इजा झाल्यास जबाबदार नाही’ ही ओळ तुमच्या कामाची नाही.