हँग होणारा डेस्कटॉप: फॉरमॅट, एसएसडी, एसएमपीएस की दुसरे यंत्र?

डेस्कटॉप वारंवार हँग होऊ लागला की मालकापुढे साधारणपणे चार मार्ग असतात: विंडोज नव्याने टाकून घेणे, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवणे, एसएमपीएस (कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याचा डबा) आणि विजेची जोडणी सुधारणे, किंवा जुने यंत्र बाजूला ठेवून दुसरे घेणे. दुकानात पहिला सल्ला बहुधा फॉरमॅटचा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा, मिळतो, कारण त्यासाठी सुटा भाग मागवावा लागत नाही आणि ग्राहकालाही तो खर्च हलका वाटतो. माझे मत वेगळे आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या दमट हवेत किंवा मळ्यातील वस्तीच्या अस्थिर विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत फॉरमॅटचा विचार डिस्क आणि वीज तपासून झाल्यावरच करावा.

निवड करण्यापूर्वी यंत्र नेमके कसे अडकते, हे पाहणे आवश्यक आहे. पडदा थिजला असताना कीबोर्डवरील कॅप्स लॉकचे बटण दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र आतून जिवंत आहे आणि बहुधा डिस्ककडून किंवा एखाद्या प्रोग्रामकडून उत्तर येण्याची वाट पाहत आहे. दिवा हालत नसेल आणि स्पीकरमधून शेवटचाच आवाज घरघरत राहिला असेल, तर रॅम, एसएमपीएस, तापमान किंवा मदरबोर्ड यांच्याकडे संशय वळतो. काही सेकंद अडकून पुन्हा पूर्ववत चालणे, आणि त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर दिसणे, ही मात्र जुन्या हार्ड डिस्कची ओळखीची खूण आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही, म्हणजे यंत्रातील घडामोडींच्या नोंदवहीतही, पुरावा सापडतो, परंतु तो नीट वाचावा लागतो. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसताच अनेक जण विजेला दोष देतात. वास्तविक यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते, आणि हँग झालेला संगणक आपण बटण दाबून बंद केला तरी ती उमटते. तिच्या आधीच्या काही मिनिटांतील नोंदी अधिक बोलक्या असतात. तेथे ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांक असेल तर खराब ब्लॉक सापडला आहे, आणि ‘स्टोरएएचसीआय’सारख्या डिस्क-नियंत्रक ड्रायव्हरच्या नावाखाली १२९ क्रमांक असेल तर डिस्कने वेळेत उत्तर न दिल्यामुळे तिला रीसेट करावे लागले आहे.

फॉरमॅट आणि हार्डवेअर यांच्यात निवड करण्यासाठी एक बिनखर्ची चाचणी आहे. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कची केबल काढून, यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावे आणि एरवी ज्या अवधीत ते हँग होते त्याहून बराच अधिक वेळ चालू ठेवावे. तेथेही ते अडकले, तर विंडोज आणि डिस्क दोन्ही निर्दोष आहेत आणि फॉरमॅटसाठी दिलेला पैसा वाया जाणार आहे. ते सुरळीत चालले, तर संशय मुख्यतः विंडोज आणि डिस्क या दोघांपुरता मर्यादित होतो. या दोघांतील निवाडा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम बऱ्याच अंशी करतो. त्यातील ०५ आणि सी५ या ओळींपुढचे कच्चे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील, तर डिस्क झिजत चालली आहे. केवळ सी७ वाढत असेल, तर बहुधा साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) बदलून भागते. डिस्क झिजलेली दिसल्यास आधी फाइली उतरवून घ्याव्यात आणि विंडोजमधील ‘चेकडिस्क’ची संपूर्ण तपासणी त्यानंतरच चालवावी, कारण त्या तपासणीचा ताण मोडकळीस आलेल्या डिस्कला सोसेलच असे नाही.

फॉरमॅटच्या बाजूने बोलायचे, तर व्हायरस, परस्परविरोधी अँटिव्हायरस, अर्धवट राहिलेले अपडेट किंवा चुकीचा ड्रायव्हर अशा कारणांसाठी तो खात्रीचा उपाय आहे. विंडोज अधिकृत असेल, तर त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने पुन्हा टाकल्यावर ते सहसा आपोआप सक्रिय होते. मात्र सीमाभागातील डीटीपी व्यावसायिकाला फॉरमॅटची खरी किंमत वेगळीच मोजावी लागते. त्याच्या एकाच यंत्रावर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी अशी दोन्ही सॉफ्टवेअर असतात; लग्नपत्रिकांपासून सहकारी सोसायट्यांच्या अहवालांपर्यंत वर्षानुवर्षांचे काम जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठलेले असते; आणि ते फाँट पुन्हा बसवले नाहीत तर त्या फाइली उघडतात खऱ्या, पण अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून फॉरमॅटपूर्वी फाँटचे फोल्डर, सॉफ्टवेअरची मूळ प्रत आणि डोंगल (ते चालवण्यासाठी लागणारी यूएसबी किल्ली) हाताशी असल्याची खात्री करावी. घरगुती वापरकर्त्याने एवढे जरी लक्षात ठेवले की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही ठिकाणे सहसा सी ड्राइव्हवर असतात आणि फॉरमॅटमध्ये नेमका तोच पुसला जातो, तरी बरेच नुकसान टळेल.

एसएसडीची तुलना करताना वेगाचा मुद्दा उघड आहे: साधी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला सुमारे १०० ते २०० एमबी देते, तर साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. प्रत्यक्ष फरक याहून मोठा जाणवतो, कारण विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात आणि तेथे फिरणाऱ्या तबकडीचा बराचसा वेळ जागा शोधण्यात जातो. परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा. आज घेतलेली साटा एसएसडी उद्या दुसऱ्या यंत्रात बसते. फॉरमॅटची मजुरी कुठेही बसत नाही. रॅमचे गणित या दोहोंच्या मधले आहे. यंत्र डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमच्या काळातील असेल, तर त्यासाठी घेतलेली रॅम पुढच्या यंत्रात चालणार नाही, आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले असल्याने केवळ ‘असू द्यावी’ म्हणून ती घेणे परवडणारे नाही. चार जीबीवर चालणाऱ्या यंत्रात आठ जीबी करणे मात्र बहुतेकांच्या उपयोगी पडते.

वीज हा या भागात सर्वांत दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. एसएमपीएस दुबळा झाला की यंत्र बहुधा अचानक बंद पडते किंवा आपोआप रीस्टार्ट होते. तथापि भार वाढताच व्होल्टेज क्षणभर ढासळत असेल, तर ते जागीच थिजूही शकते. बारा व्होल्टच्या वाहिनीवर ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा आहे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दिसणारा आकडा यंत्र निवांत असतानाचा असतो, त्यामुळे तो ठीक दिसला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. ओळखीच्या दुकानातून दुसरा एसएमपीएस दोन-चार दिवस लावून पाहणे हीच खरी परीक्षा होय. स्वस्त एसएमपीएसवर छापलेल्या ४५० वॅटवर विसंबू नये. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या डेस्कटॉपला प्रत्यक्षात १५० वॅटही क्वचितच लागतात, म्हणून मोठ्या आकड्यापेक्षा बारा व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. एसएमपीएसच्या आतील फिल्टर कपॅसिटरमुळे, अर्थिंग तुटलेले असताना, पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज येते. त्यातील प्रवाह अल्प असला तरी यूएसबी आणि नेटवर्कच्या जोडण्यांमधून तो वाट शोधतो आणि विचित्र दोष निर्माण करतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून तो दोन पिनांच्या बोर्डात खोचणे, किंवा उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडणे, ही याची नेहमीची कारणे आहेत.

हेस्कॉम या वीज कंपनीचा पुरवठा गावठाणात बऱ्यापैकी स्थिर असला, तरी मळ्यात जेथे घराची आणि पंपाची वीज एकाच लाइनवरून येते, तेथे मोटारी सुरू होताना व्होल्टेज खाली बसते. अशा ठिकाणी संगणक घरच्या इन्व्हर्टरवर चालत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागील कळ ‘यूपीएस’ स्थितीवर आहे ना, हे पाहावे. नॉर्मल स्थितीत व्होल्टेज बरेच खाली गेले तरी इन्व्हर्टर तेच पुढे पाठवत राहतो, आणि बॅटरीवर जातानाही अधिक वेळ घेतो. एसएमपीएस मात्र पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. डीटीपी किंवा ऑनलाइन अर्जांचे काम असेल, तर स्वतंत्र लहान यूपीएस अधिक चांगला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याची गरज दुप्पट, कारण काही नव्या धाटणीच्या एसएमपीएसशी त्या वेव्हचे पटत नाही.

धूळ आणि दमट हवा यांचा उपाय चारही मार्गांच्या आधी करावयाचा आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. वीज बंद करून, प्लग काढून, रॅम खोडरबराने हलके पुसून पुन्हा घट्ट बसवल्यास पुष्कळ यंत्रे सुधारतात. अथणीकडच्या उन्हाळ्यात प्रश्न तापमानाचा असतो, आणि निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी असलेल्या दुकानात पंख्यावर बसणाऱ्या भुकटीचा. ब्लोअरने साफसफाई करताना पंखा बोटाने धरून ठेवावा. यंत्र तरीही तापत असेल, तर प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. रॅमविषयी शंका उरलीच, तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवावा. एकही चूक दाखवली गेली तर ती दुर्लक्षिण्याजोगी नसते.

राहिला दुसऱ्या यंत्राचा मार्ग. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरगुती ग्राहकांसाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची मूळ मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ठेवण्यात आली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे तुमचा प्रोसेसर चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा असेल आणि दोष मदरबोर्डचा निघाला, तर जुना मदरबोर्ड शोधून बसवण्यापेक्षा दुसरे यंत्र घेणेच शहाणपणाचे. कार्यालयांतून निघालेले रीफर्बिश्ड डेस्कटॉप येथे नव्याशी चांगली स्पर्धा करतात, फक्त ते आठव्या पिढीचे किंवा पुढचे असावेत. त्यांतील अनेक लहान कॅबिनेटमध्ये कंपनीच्या खास आकाराचा एसएमपीएस असतो आणि तो बिघडल्यास तालुक्याच्या गावी मिळणे कठीण जाते. व्होल्टेज अस्थिर असलेल्या ठिकाणी मी म्हणून साध्या एटीएक्स, म्हणजे प्रमाणित आकाराच्या, कॅबिनेटलाच पसंती देईन. दोष डिस्कचाच असेल आणि काम पत्रव्यवहार, हिशोब व यूट्यूब एवढेच असेल, तर जुन्या यंत्रात एसएसडी आणि त्यावर लिनक्स हा पर्यायही खुला आहे, मात्र श्रीलिपी किंवा नुडीवर पोट असणाऱ्याला तो चालणार नाही.

निपाणीकराला दुरुस्तीसाठी कोल्हापूर जवळ पडते आणि खानापूरकराला बेळगाव. परंतु जेथे दुसरा एसएमपीएस आणि दुसरी रॅम आपल्यासमोर लावून दाखवतात, ते गावातलेच दुकान मला या दोन्हींपेक्षा अधिक पसंत आहे. यंत्र ठेवून यावे लागलेच, तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी, किंवा तीच तपासायची असल्यास तिची प्रत आधी घ्यावी, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा.