साइड कट झालेला टायर: पॅच, ट्यूब की नवा?

खड्ड्याची धार, दुभाजकाचा कोपरा, रस्त्याच्या कामातून वर आलेली सळई. यांतलं काहीतरी टायरला बाजूने लागतं आणि मग दोन सल्ले हमखास मिळतात. पंक्चरवाला म्हणतो, "साहेब, हॉट पॅच मारतो, बिनधास्त पळवा." टायरच्या शोरूममधला म्हणतो, "एक टाकून चालत नाही, जोडीच घ्या." पहिल्याचा खर्च पाचशे ते हजार, दुसऱ्याचा 185/65 आर15 सारख्या नेहमीच्या मापाला दहा-बारा हजार. या दोन टोकांच्या मध्येही वाटा आहेत, पण त्या दुकानात सहसा कोणी सुचवत नाही.

आधी नेमकं काय झालंय ते बघून घ्या, कारण निम्म्या वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. फुटपाथच्या कडेला घासून रबराची साल निघाली, कंपनीच्या नावातली दोन अक्षरं पुसली गेली, तर ते दिसायला वाईट, एवढंच. कट असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून तो जरा फाकवा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. आत काळं रबरच दिसतंय तोवर ठीक. पांढरट, पिवळसर, लोकरीसारखे धागे दिसले की ते टायरचं कापड आहे, आणि तिथे विषय संपला. कटावर शाम्पूचा फेस लावून बुडबुडे येतात का तेही बघा.

फुगा आला असेल तर एवढीही तपासणी नको. खड्ड्यात टायर रिमच्या आणि रस्त्याच्या मध्ये चिमटतो, आतले धागे तुटतात, पण बाहेरचं रबर शाबूत राहतं. मग तेवढ्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. म्हणजे फुगा दिसतो तिथे टायरला धरून ठेवणारं फक्त रबर उरलेलं असतं. सुई टोचून फुग्यातली हवा काढून देणारे लोक आहेत. फुगा बसतो, तुटलेले धागे तुटलेलेच राहतात. फुग्याच्या टायरची तुलना कशाशीच करण्यात अर्थ नाही, तो उतरवायचा. याउलट बगलेत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, एखादी खोलगट उभी रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा कापडाच्या थरांचा जोड असतो, त्याला काही करावं लागत नाही. बाहेर आलेलं वाईट, आत गेलेलं सहसा निर्धोक. आतल्या बाजूची बगल मात्र गाडी रॅम्पवर घेतल्याशिवाय दिसत नाही, आणि जोराच्या खड्ड्यानंतर ती बघायची राहूनच जाते.

आता पॅच. पंक्चरवाला खोटं बोलत नसतो, त्याने ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे बगल फाटलेले टायर गेटर (जाड कापडी पॅच) लावून वर्षानुवर्षं चालवून दाखवलेले असतात. पण जुन्या नायलॉनच्या ट्रक टायरला थरावर थर असतात आणि ट्रॅक्टर पळून पळून किती पळणार? कारच्या रेडियल टायरच्या बगलेत पॉलिएस्टरचा एक, फार तर दोन थर. स्टीलचे पट्टे असतात ते रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली. म्हणूनच तिथल्या खिळ्याचं पंक्चर आतून मशरूम पॅच मारून व्यवस्थित निघतं: तो भाग फारसा वाकत नाही. 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक आणि तेही नक्षीच्या मधल्या भागात, एवढीच दुरुस्ती टायर उद्योगातले सर्वमान्य नियम कारला मान्य करतात. अगदी शेवटच्या खाचेच्या बाहेर, खांद्यात घुसलेला खिळासुद्धा त्यात बसत नाही. पंक्चरची पट्टी घालून तिथली हवा वेळेपुरती थांबते, पण तो खिळा बगलेतलाच समजा.

बगल तर वाकण्यासाठीच बनवलेली असते. सुरुवातीला सांगितलेल्या 185/65 आर15 मापाचा टायर एका किलोमीटरला साधारण 510 फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत बगलेचा प्रत्येक इंच एकदा दबून सरळ होतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या 95 किलोमीटरमध्ये हे 48 हजारांच्या वर वेळा होतं. पॅच जाड आणि ताठ, भोवतालचं रबर मऊ. ताण सगळा पॅचच्या कडेवर येतो.

काम नीट केलं तर टिकतं का? काही काळ टिकतं. टायर रिमवरून पूर्ण उतरवायचा, आतला अस्तराचा थर बफिंग करून खरखरीत करायचा, क्लीनरने पुसायचा, सोल्यूशन लावून ते बोटाला चिकचिकीत लागेपर्यंत वाळू द्यायचं, धाग्याचा पॅच त्यावरच्या बाणाची दिशा रिमच्या कडेकडे ठेवून बसवायचा, रोलर मधून कडेकडे फिरवून खालची हवा काढायची, बाहेरच्या कटात कच्चं रबर भरून ते मशीनवर शिजवायचं. यात सोल्यूशन वाळायला दिलेली चार-पाच मिनिटं आणि बफिंग या दोनच गोष्टींवर कंजूषी होते, आणि नेमक्या त्याच पॅच उखडायला पुरतात. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबला की वाफ आत अडकते.

पण एवढं सगळं जमून आलं तरी माझं मन पॅचवरून उतरलं ते एका कटकटीमुळे: हवा. पॅच केलेल्या टायरमधून हवा हळूहळू जात राहते. धड टायर महिन्याला एक-दोन पीएसआय गमावतो. पॅचवाल्याचे आठवड्याला चार-पाच उतरणं मला नवलाचं वाटेनासं झालं. आणि गळती सापडत नाही, हे त्यातलं खरं दुखणं. पॅचची कड किंचित सुटली की हवा अस्तराच्या मागे शिरते, कापडाच्या धाग्याधाग्याने प्रवास करते आणि भलतीकडूनच बाहेर पडते. टायर पाण्यात बुडवा, बुडबुडे कटापाशी येतच नाहीत. वाटेत रबर आणि कापड एकमेकांपासून सुटायला लागतं ते वेगळंच. म्हणून कधीकधी कट एकीकडे आणि नवा फुगा दुसरीकडे असं होतं. हवा कमी झाली की बगल जास्त वाकते, जास्त तापते, पॅचची कड आणखी सुटते, हवा आणखी जाते. दर चार दिवसांनी पेट्रोल पंपावरच्या हवेच्या रांगेत उभं राहणं हा या चक्राला आवर घालायचा एकच उपाय, आणि पंपापंपाच्या गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. टीपीएमएस, म्हणजे टायरमधली हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा, असेल तर तो दिवा कायम लागलेला. मग माणूस त्या दिव्याकडे बघायचंच सोडतो, आणि उरलेल्या तीन चाकांचीही राखण संपते.

दुसरी किरकोळ गोष्ट: मोठ्या पॅचच्या वजनामुळे बॅलन्सिंग पुन्हा करावं लागतं, तरी ऐंशी-नव्वदला स्टिअरिंगला बारीक थरथर राहू शकते. ती पॅचची की वाकलेल्या रिमची, हे ओळखायला पुन्हा गॅरेज.

ट्यूबचा पर्याय लवकर आटपतो. ट्यूब हवा धरते, ताकद देत नाही. तुटलेले धागे तसेच, आणि त्या फटीतून ट्यूबच बाहेर डोकावायला बघते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटे असतात, पॅचची कड असते; त्यांवर ट्यूब घासते, तापते आणि गेली तर एका क्षणात जाते. आडगावात अडकला असाल तर पुढच्या गावापर्यंत चालेल, त्यापुढे नाही. पंक्चर किटमधलं सीलंटही बगलेवर चालत नाही. 2020 पासून टीपीएमएस आणि किट असलेल्या ट्यूबलेस गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. अशी गाडी घेतली असेल तर साइड कटला टोइंग हाच उपाय, हे घेतानाच धरून चाला.

फुकटचे दोन सल्लेही तपासून घ्या. "खराब टायर मागे टाका": पुढचा गेला तर गाडी एका बाजूला ओढते, मागचा गेला तर शेपूट फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं जास्त अवघड. "टायर उलटा करून कट आतल्या बाजूला घ्या": कट तोच, फक्त आता तो वाढतोय का ते तुम्हाला दिसत नाही.

म्हणजे नवा टायर. इथे शोरूमवाल्याचं जोडीचं म्हणणं अगदीच विक्रीचं नाही. एकाच अ‍ॅक्सलवर नवा 7-8 मिलिमीटर नक्षीचा आणि जुना तीन-चार मिलिमीटरचा असे टायर बसवले तर ओल्या रस्त्यावर दोघांची पकड सारखी राहत नाही. फुल-टाइम ऑल व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद कायम चारही चाकांना) असेल तर मग घेराचा फरक चालतच नाही, कंपनीच्या पुस्तिकेत किती फरक मान्य आहे ते बघून दोन किंवा चार घ्यावे लागतात. जुन्याची नक्षी 3 मिलिमीटरच्या खाली आली असेल तर जोडीच घ्या, उगाच हिशेब करू नका. कायद्याची हद्द 1.6 असली तरी पावसाळ्यात तिथवर थांबण्यात मजा नाही.

पण गाडी तीन-चार वर्षांची, जुने टायर अर्धे शिल्लक आणि डिकीतली स्टेपनी पूर्ण मापाची, जवळजवळ न वापरलेली असेल, तर एकच नवा टायर घेऊन जोडी होते. नवा टायर आणि स्टेपनी हे दोघे मागच्या अ‍ॅक्सलवर. उरलेल्या तीन चांगल्या जुन्यांपैकी ज्यांची झीज सारखी आहे ते दोन पुढे, तिसरा डिकीत. पाच-साडेसहा हजारांत मागे दोन्ही भरल्या नक्षीचे टायर मिळतात आणि स्टेपनीही शाबूत राहते.

यात अडचणी आहेत. स्टेपनीच्या बगलेवरचा चार अंकी आकडा वाचा: 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढची स्टेपनी कोरी दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, तिला रोजच्या कामाला लावू नका. नवा टायर शक्यतो त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा. माप, लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर तरी जुळलंच पाहिजे. 88एच असेल तर 88 म्हणजे एका टायरला 560 किलो, एच म्हणजे ताशी 210 पर्यंत. बऱ्याच टॉप मॉडेलला खाली 16 इंची अलॉय आणि डिकीत 15 इंची लोखंडी रिमवर वेगळ्या मापाचा टायर असतो; तिथे हा डाव चालत नाही, आणि ताशी 80 ची मर्यादा लिहिलेली अरुंद स्टेपनी असेल तिथे तर नाहीच. माप तेच पण रिम लोखंडी, एवढाच फरक असेल तर टायर उतरवून अलॉयवर चढवता येतो.

गावातल्या गावात चाळीसच्या वर न जाणारी गाडी आहे, पैशांची ओढ आहे, कट लहान आहे, अशा वेळी पॅच मारणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या गाडीने समृद्धीवर जायचं नाही हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत हवं. 701 किलोमीटर काँक्रीट, ताशी 120 ची परवानगी आणि विदर्भातला उन्हाळा. अशा गाडीची चावी कधीतरी ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात जातेच.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 94 कापड उघडं पडलेल्या किंवा फुगा आलेल्या टायरला सुस्थितीतला मानत नाही. व्हल्कनाइज केलेल्या, म्हणजे रबर शिजवून केलेल्या, दुरुस्तीला तो मनाई करत नाही, हेही खरं. साध्या विम्यात नुसत्या टायरचं नुकसान मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. टायरसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर फुगा आणि कट त्यात बहुधा येतात. काही कंपन्या निवडक टायरवर अशा नुकसानीचीही हमी देतात, पण खरेदीनंतर ठरावीक दिवसांत नोंदणी करावी लागते, तेव्हा बिल घेताना ते विचारून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, बिलात टक्का बघा.

बसवताना नवा व्हॉल्व्ह मागा, दोन्ही टायरचं बॅलन्सिंग करा, आणि खड्ड्याच्या चाकाची रिम मशीनवर फिरताना स्वतः उभं राहून बघा; कड लहरत असेल तर नवा टायरही तिथून हवा सोडेल. अलाइनमेंट त्याच फेरीत. उतरवलेल्या टायरच्या कटावरून सुरी फिरवून तो मोठा करून सोडा, नाहीतर काळा रंग लावून तो जुन्या बाजारात कुणाला तरी विकला जातो. शंभरेक किलोमीटरनंतर नट एकदा पान्याने तपासा, अलॉयला विशेष, आणि हवा सकाळी थंड टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरून टीपीएमएस रिसेट करा.