सुरू होतानाची एरर आणि ती 'काढून देणारे' भामटे

विंडोज ७ चालू होतं, डेस्कटॉप दिसतो आणि मधोमध एक छोटी चौकट येते. वर 'रनडीएलएल' लिहिलेलं, खाली कुठल्याशा फाइलचा लांबलचक पत्ता आणि शेवटी 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'. ओके दाबलं की चौकट जाते, कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो. पुढच्या वेळी सुरू केला की ती पुन्हा हजर. या चौकटीच्या जोरावर लोकांना गंडा घालणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांच्या जाळ्यात बहुतेकदा जुनं मशीन वर्षानुवर्षं जपून वापरणारी, नवीन घेण्याची घाई नसलेली माणसं अडकतात. या टोळ्या काय दाखवतात आणि त्यात खरं काय असतं, हे आधीच माहीत असलं तर फोनवरच त्यांना अडवता येतं.

सुरुवात शोधण्यातून होते. चौकटीतला मजकूर जसाच्या तसा टाइप केला की निकालात सगळ्यात वर जाहिरात येते: 'विंडोज सपोर्ट', सोबत फोन नंबर. किंवा एखाद्या पानावरून ब्राउझर अचानक पूर्ण स्क्रीन व्यापतो, भोंगा वाजू लागतो आणि 'कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा' असं झळकतं. हे ओळखायची एक पक्की खूण आहे: मायक्रोसॉफ्टच्या एररमध्ये किंवा इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. तसं पान आलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारेल, त्याला नाही म्हणा.

फोन लागलाच, तर पलीकडचा माणूस गोड बोलून रिमोट प्रोग्राम, म्हणजे दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्राम, टाकायला लावतो. मग नाटक सुरू होतं. यातली एकही गोष्ट खोटी फाइल किंवा बनावट स्क्रीन नसते. सगळं विंडोजमधलंच असतं, फक्त अर्थ खोटा सांगितला जातो. नीट बघणारा माणूसही फसतो तो यामुळेच.

पहिला प्रयोग इव्हेंट व्ह्यूअरचा, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीचा. 'कस्टम व्ह्यूज'खालचं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स' उघडतात आणि लाल-पिवळ्या खुणांची न संपणारी यादी खाली सरकवत राहतात: 'हे सगळे व्हायरस.' तो व्ह्यू मुळात फक्त गंभीर नोंदी, एरर आणि वॉर्निंग गोळा करण्यासाठीच बनवलेला आहे. सुरळीत झालेल्या कामांच्या नोंदी त्यात येतच नाहीत. ठणठणीत मशीनवरही तो भरलेला असतो. सर्व्हिस पॅक १ असलेल्या बऱ्याच विंडोज ७ मध्ये तर डब्ल्यूएमआय या विंडोजच्याच एका भागाची १० क्रमांकाची एरर दर वेळी सुरू होताना नोंदली जाते, आणि ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे.

दुसरा प्रयोग एमएसकॉन्फिगचा, म्हणजे विंडोज सुरू होताना काय चालू व्हावं ते ठरवणाऱ्या साधनाचा. सर्व्हिसेसच्या (मागे चालणाऱ्या प्रोग्रामांच्या) टॅबवर बऱ्याच ओळींपुढे 'स्टॉप्ड' दिसतं आणि 'तुमच्या सर्व्हिसेस हॅकरने बंद पाडल्यात' असं सांगितलं जातं. फॅक्स, बॅकअप, शॅडो कॉपी अशा कितीतरी सर्व्हिसेस गरज पडली तरच चालू होतात, एरवी थांबलेल्याच असतात. त्यांनी थांबलेलंच असायला हवं.

मग काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. तिथे कनेक्शनांची यादी दाखवणारी 'नेटस्टॅट' ही कमांड चालवून 'फॉरेन ॲड्रेस' या शब्दांवर बोट ठेवतात, परदेशातून कोणीतरी घुसलंय म्हणून. तिथे फॉरेनचा अर्थ फक्त 'पलीकडचं टोक'. उघडी वेबपानं त्या यादीत असतात आणि खुद्द त्या भामट्याचं रिमोट कनेक्शनही तिथेच असतं. 'ट्री' ही कमांड दिली की फोल्डरांची नावं भराभर धावू लागतात. ती धावत असताना तो 'व्हायरस फाउंड' असं टाइप करून ठेवतो आणि यादी संपताच ते शब्द खाली उमटतात. एंटर दाबलं असतं तर विंडोजने ही कमांड ओळखीची नाही असं सांगितलं असतं. म्हणून तो एंटर दाबत नाही.

सगळ्यात घातक प्रयोग 'असॉक'चा. ही कमांड कुठल्या प्रकारची फाइल कशाने उघडायची त्याची यादी दाखवते. यादीच्या शेवटी झेडएफसेंडटूटार्गेट या ओळीत ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांब आकडा असतो. भामटा तो आकडा स्वतः फोनवर वाचून दाखवतो, तुम्हाला स्क्रीनवर जुळवायला लावतो आणि म्हणतो, 'हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास नंबर, आमच्याकडे नोंदलेला आहे.' आकडा तंतोतंत जुळतो, आणि तिथे माणसाचा विश्वास बसतो. पण तो आकडा जगातल्या प्रत्येक विंडोजवर हाच असतो.

एवढं झालं की 'दुरुस्ती'. प्रत्यक्षात एमएसकॉन्फिगमधल्या एका ओळीसमोरची खूण काढली जाते, चौकट येणं थांबतं आणि माणसाला वाटतं काम झालं. सोबत एक रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, म्हणजे रजिस्ट्री, साफ करतो म्हणणारा प्रोग्राम) बसतो, जो दर स्कॅनला शेकडो 'चुका' दाखवून पुढच्या पैशांची सोय करतो. मागे एक रिमोट सर्व्हिसही राहते, जी तुम्हाला न विचारता जोडली जाते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तोवर कोणी पाहिले असतील ते कळायला मार्ग नाही.

आता त्या चौकटीचं खरं कारण. एखादा प्रोग्राम अर्धवट काढला गेला किंवा अँटिव्हायरसने त्याची फाइल उडवली, पण 'सुरू होताना ही फाइल चालव' ही सूचना मागे राहिली. विंडोज सूचना पाळायला जातं, फाइल सापडत नाही, म्हणून तसं सांगतं. एवढंच. स्टार्ट मेनूत एमएसकॉन्फिग टाइप करा, 'स्टार्टअप' टॅबवर जा आणि 'कमांड' हा रकाना रुंद करून बघा. ज्या ओळीत रनडीएलएल३२ आणि चौकटीतलं फाइलचं नाव दोन्ही असेल, तिची खूण काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. तिथे सापडली नाही तर टास्क शेड्युलरच्या (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या साधनाच्या) लायब्ररीत प्रत्येक कामाचा 'ॲक्शन्स' टॅब पाहा, कारण जाहिराती दाखवणारे टूलबार सूचना तिथेही ठेवतात. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे मोफत साधन दोन्हीकडचं एकत्र दाखवतं, आणि फाइल हरवलेल्या ओळी पिवळ्या असतात. चौकटीतलं नाव आधी कागदावर उतरवून घ्या. नाव न जुळवता खुणा काढत सुटलं तर प्रिंटर किंवा टचपॅडचा प्रोग्राम बंद पडतो.

दुसरा सापळा डीएलएल फाइल (प्रोग्रामांना चालायला लागणारी मदतनीस फाइल) सुटी देणाऱ्या साइट्सचा. 'एमएसव्हीसीपी१४० मिसिंग' असं आलं की लोक ती एकच फाइल उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकतात. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ हे ६४ बिट फाइलींचं घर आहे आणि ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ मध्ये राहतात. नावं उलटी वाटतात, पण व्यवस्था अशीच आहे. चुकीची फाइल पडली की 'मिसिंग' जातं आणि त्याजागी सी०००००७बी हा एरर कोड येतो, म्हणजे ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ. मग तीच साइट 'डीएलएल फिक्सर' विकायला पुढे येते. खरा उपाय मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतो: १४० असेल तर व्हिज्युअल सी++ चं २०१५-२०२२ पॅकेज, एमएसव्हीसीआर१२० ला २०१३ चं, एमएसव्हीसीआर१०० ला २०१० चं. ६४ बिट मशीनवर एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही टाका. विंडोज एक्सपीवर सी००००१३५ हा कोड आला तर बहुधा डॉटनेट फ्रेमवर्क (काही प्रोग्रामांना लागणारं मायक्रोसॉफ्टचं पॅकेज) नाही. आणि 'प्रोसिजर एंट्री पॉइंट... कर्नल३२' असं आलं तर तो प्रोग्राम नव्या विंडोजसाठी लिहिलेला आहे. कुठलीही डीएलएल टाकून तो चालणार नाही, त्याची जुनी आवृत्तीच शोधावी लागते. कर्नल३२ ही विंडोजची मूळ फाइल बदलून देतो म्हणणाऱ्याला तर मशीनला हातही लावू देऊ नका, विंडोज सुरूच होणार नाही.

भामटा मशीनवर येऊन गेलाच असेल, तर पहिल्यांदा इंटरनेट तोडा, केबल काढा किंवा राउटर बंद करा. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा आणि पासवर्ड दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून बदला. त्याच मशीनवरून बदललात तर नवीन पासवर्डही त्याच्या हाती जाऊ शकतो. फाइली बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं हाच भरवशाचा मार्ग. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, एक्सपीचे एप्रिल २०१४ मध्ये, त्यामुळे त्याने उघडं ठेवलेलं दार कुठल्याही अपडेटने बंद होणार नाही.

पैसे द्यायला नकार दिला तर काही जण जाता जाता सिसकी हे विंडोजमधलंच पासवर्डचं साधन वापरून कुलूप लावतात. मशीन सुरू होतानाच, नेहमीच्या लॉगिनच्याही आधी, एका लहान चौकटीत पासवर्ड मागितला जातो. तो विकत घेऊ नका. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून सुरू करून आधी सिस्टम रिस्टोर (विंडोज आधीच्या तारखेच्या स्थितीत परत नेणं) करून पाहा. रिस्टोर पॉइंट त्याने पुसले असतील तर कमांड प्रॉम्प्टमधून विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\रेगबॅक या फोल्डरमधल्या फाइलींच्या तारखा बघा; तिथे विंडोज रजिस्ट्रीची प्रत ठेवतं. इथे विंडोजचा ड्राइव्ह बऱ्याचदा सी ऐवजी डी दिसतो. तारीख कुलूप लागण्याआधीची असेल तर कॉन्फिगमधल्या सॅम, सिक्युरिटी, सिस्टम, सॉफ्टवेअर आणि डिफॉल्ट या पाच फाइली बाजूला ठेवून रेगबॅकमधल्या त्यांच्या जागी कॉपी करा. कुलूप लागल्यावर मशीन वारंवार चालू करून ठेवू नका, रेगबॅकवर नवीन प्रत चढली की हा मार्ग संपतो.

काही दिवसांनी पुन्हा फोन येतो: 'कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत.' पुन्हा रिमोट, आणि या वेळी बँकेचं पान उघडायला लावतात. ब्राउझरमधल्या पानावरचा आकडा फक्त तुमच्या स्क्रीनवर बदलतात आणि 'चुकून जास्त गेले, फरक परत पाठवा' म्हणून गयावया करतात. खात्यात काहीच जमा झालेलं नसतं. फोन ठेवा आणि शिल्लक बँकेकडूनच विचारून घ्या.