टोरांटोत भाजी कुठे घ्यावी : चार बाजारांचे परीक्षण

टोरांटोत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी एखाद्या देशी दुकानाचा पत्ता देते आणि पुढची दोनतीन वर्षे त्या कुटुंबाचा सगळा बाजारहाट त्या एकाच दुकानातून होत राहतो. आमचेही तसेच झाले. डाळी, पोहे, मसाले आणि कणीक यांसाठी ही सोय उत्तमच आहे; पण भाजी, फळे आणि मासळी यांच्या बाबतीत आपण शिळे आणि महाग घेत होतो, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. २०२१च्या जनगणनेनुसार या शहरातील निम्म्याच्या आसपास रहिवासी कॅनडाबाहेर जन्मलेले आहेत आणि त्यांतल्या अनेक समाजांनी आपल्या रोजच्या जेवणासाठी आपापला बाजार उभा केला आहे. जी भाजी ज्यांच्या ताटात रोज असते, ती त्यांच्या बाजारात रोज येते आणि संध्याकाळपर्यंत संपते. या एका कसोटीवर मी शहरातील चार बाजार पारखले आहेत.

पालेभाज्यांसाठी माझी पहिली पसंती स्पडायना आणि डंडस या रस्त्यांच्या चौकाभोवती पसरलेल्या चायनाटाउनला आहे. शहरातील मूळची चिनी वस्ती येथे नव्हती; ती एलिझाबेथ स्ट्रीटच्या परिसरात होती. १९६५ साली उघडलेल्या नव्या नगरभवनासाठी तेथील बरीच जागा घेतली गेली, तेव्हा दुकाने हळूहळू पश्चिमेकडे सरकून स्पडायनावर आली. आज येथे पदपथावरच खोकी मांडलेली असतात, गिऱ्हाईक स्वतः निवडून घेते आणि दुकानदाराला गप्पा मारायला अजिबात सवड नसते. कोथिंबीर, मुळा, आळकुड्या, आले, पातीचा कांदा आणि हातभर लांबीच्या चवळीच्या शेंगा मला इतक्या कोवळ्या शहरात दुसरीकडे मिळालेल्या नाहीत. कारले मात्र जपून घ्यावे, कारण चिनी कारले फिकट हिरवे, जाड आणि गुळगुळीत उंचवट्यांचे असते, त्यात पाणी अधिक आणि कडूपणा कमी असतो; भरल्या कारल्यांना ते चालत नाही. आपले काटेरी, गडद कारले हवे असेल तर देशी दुकानच गाठावे लागते.

येथे नवख्या माणसाची एक फसगत हमखास होते. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेला भाव बहुधा पौंडाचा असतो आणि किलोचा भाव खाली बारीक अक्षरांत असतो. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, त्यामुळे स्वस्त वाटलेली वस्तू गल्ल्यावर दुपटीहून थोडी अधिक महाग निघते. यात दुकानदाराची लबाडी नसते, सगळीकडे तीच रीत आहे. पण पहिल्या महिन्यात मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्याच्यावर चिडत असे.

स्पडायनाच्या पश्चिमेला लागूनच केन्सिंग्टन मार्केट आहे. नाव मार्केट असले तरी ही एक इमारत नसून ऑगस्टा, बॉल्डविन आणि केन्सिंग्टन या अरुंद रस्त्यांवरची वस्ती आहे. १९२० आणि १९३०च्या दशकांत येथे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी घरांच्या पुढच्या खोल्यांतच दुकाने थाटली, त्या काळी याला ज्यूंचा बाजारच म्हणत. पुढे पोर्तुगीज आले, मग कॅरिबियन बेटांवरचे लोक, मग लॅटिन अमेरिकेतले, आणि प्रत्येकाने आधीच्याचा गाळा घेऊन त्यात आपला माल भरला. २००६ साली या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. सुकामेवा, सुटे मसाले, चीज आणि मासळी यांसाठी मी येथे येतो. चीजच्या दुकानात चव घेऊन मग घेण्याची मुभा असते, आणि आपल्याला नक्की काय हवे ते सांगता येत नसेल तर भाजी कोणती करणार एवढे सांगितले तरी काउंटरवरचा माणूस योग्य तुकडा कापून देतो. भाड्यांच्या वाढीमुळे जुनी खाण्याच्या वस्तूंची दुकाने जाऊन त्यांच्या जागी कॉफीची दुकाने येत आहेत, ही मात्र खरी चिंतेची गोष्ट आहे. मे ते ऑक्टोबर या काळात महिन्याच्या शेवटच्या रविवारी येथील रस्ते वाहनांना बंद असतात आणि गाणीबजावणी चालते. त्या दिवशी भाजी घेण्याचा विचारही करू नये.

केन्सिंग्टनमधल्या एका कॅरिबियन दुकानातच मला माठाची गोष्ट कळली. ‘कॅललू’ अशी चिठ्ठी लावलेली एक जुडी मी उत्सुकतेपोटी घरी आणली आणि निवडायला बसलो, तर तो चक्क माठ निघाला. जमैकातील लोक ज्याला कॅललू म्हणतात, तो आपला माठच. त्रिनिदादच्या माणसाने तोच शब्द उच्चारला तर मात्र त्याच्या मनात अळूची पाने असतात, त्यामुळे घेण्याआधी जुडी उलगडून पाहिलेली बरी. हाच माठ, बहुधा तांबड्या रंगाचा, चायनाटाउनमध्येही तिसऱ्याच नावाने मिळतो. याच दुकानांत ‘गुंगो पीज’ या नावाने अख्खी तूर मिळते, आणि नाताळच्या सुमारास ‘सॉरेल’ म्हणून जी सुकी लाल बोंडे पेयासाठी विकली जातात, ती लाल अंबाडीची असतात. देशी दुकानात ज्यांच्यासाठी मी वर्षभर विचारणा करत होतो, त्या वस्तू केवळ नावे ठाऊक नसल्यामुळे माझ्या नजरेसमोरून जात होत्या. एग्लिंटन वेस्टवरच्या ‘लिटल जमैका’ या भागात हा माल अधिक मिळतो. पण रेल्वेमार्गाच्या २०११ साली सुरू झालेल्या कामाने तो रस्ता कित्येक वर्षे उखडलेला राहिला आणि तेथील अनेक दुकाने त्यात बंद पडली.

सेंट लॉरेन्स मार्केटबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याचे कौतुक सर्वत्र होतच असते. १८०३ सालापासून या जागी बाजार भरतो आणि आजच्या दक्षिण इमारतीच्या दर्शनी भागात १८४५चे जुने नगरभवन सामावलेले आहे. मासळी आणि मांस येथे उत्तम दर्जाचे असते, मोहरीचे प्रकार पाहून थक्क व्हायला होते, आणि शनिवारी पहाटे भरणाऱ्या शेतकरी बाजारात ऑन्टारियोतला हंगामी माल थेट पिकवणाऱ्याकडून घेता येतो. उन्हाळ्याच्या शेवटी येणारी गोड मक्याची कणसे आणि सप्टेंबरातली सफरचंदे यांसाठी पहाटे उठणे सार्थकी लागते. एरवी दर आठवड्याच्या भाजीसाठी हा बाजार परवडणारा नाही. पाहुण्यांना दाखवायला मात्र जरूर न्यावे. सोमवारी तो बंद असतो.

उरला जेरार्ड स्ट्रीट ईस्टवरचा इंडिया बाजार. १९७२ साली येथे नाझ नावाच्या चित्रपटगृहात हिंदी चित्रपट दाखवायला सुरुवात झाली, दूरदूरच्या गावांतून प्रेक्षक येऊ लागले आणि त्यांच्यासाठी आजूबाजूला साड्यांची, मिठाईची, दागिन्यांची आणि किराणा मालाची दुकाने उघडली. त्या काळात पुष्कळांसाठी तो एकमेव आधार होता. आता आपली बहुतेक माणसे ब्रॅम्प्टन, मिसिसागा आणि स्कारबरो येथे राहायला गेली, मोठी देशी सुपरमार्केटे त्यांच्यामागून तिकडे गेली, आणि जेरार्डवरची वर्दळ कमी झाली. वर्दळ घटली की मालाची उलाढाल मंदावते आणि त्याचा परिणाम मेथीच्या पानांवर सर्वांत आधी दिसतो. येथील एका दुकानातून, ज्याचे नाव घेत नाही, आणलेला खवलेला गोठवलेला नारळ एकदा वितळून पुन्हा गोठवलेला निघाला आणि सोलकढीचा बेत फसला. तरीही साडी, पान, ताजी जिलबी आणि रस्त्यावर कानी पडणारी उर्दू-पंजाबी यांसाठी मी वर्षातून तीनचारदा जातोच. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या पेट्याही देशी दुकानांत दिसतात. विमानाने येत असल्याने त्यांचा भाव ऐकून माणूस मुकाट्याने मेक्सिकोच्या पिवळ्या अताउल्फो आंब्यांकडे वळतो. ते आंबे चायनाटाउनमध्ये खोक्याने मिळतात आणि खरे सांगायचे तर आमरसाला अगदीच वाईट लागत नाहीत.

पैशांच्या दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. पाटीवरच्या किमतीत १३ टक्के विक्रीकर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर लागतो. भाजी, फळे, धान्य, दूध यांवर मात्र तो शून्य आहे, तर चिवडा, वेफर्स आणि गोळ्या-चॉकलेटांवर पूर्ण लागतो. गोड डोनट पाच घेतले तर कर पडतो आणि सहा घेतले तर पडत नाही, हा या कायद्यातला माझा आवडता विनोद आहे. २०१३पासून एक सेंटची नाणी वितरणातून काढून घेतल्यामुळे रोख बिल जवळच्या पाच सेंटपर्यंत पूर्ण केले जाते, कार्डाने दिल्यास नेमकी रक्कम वजा होते.

गाडी नसलेल्यांनी ५०६ क्रमांकाची कार्लटन ट्राम ध्यानात ठेवावी. ती केन्सिंग्टनच्या उत्तरेकडून कॉलेज स्ट्रीटवरून धावते आणि पुढे थेट जेरार्डवरच्या इंडिया बाजारातून जाते. प्रवासभाड्याचे प्रेस्टो कार्ड टेकवल्यापासून दोन तासांत एकाच भाड्यात कितीही वेळा चढउतार करता येतो, म्हणून आधी जेरार्डवर जाऊन डाळी आणि मिठाई घ्यावी, परततांना स्पडायनाला उतरून पालेभाजी निवडावी आणि मासळी सर्वांत शेवटी घेऊन घर गाठावे. शनिवारी दुपारी ट्राम गच्च भरलेली असते, तेव्हा चाकांची पिशवी न्यायची असेल तर सकाळी दहाच्या आत निघावे.