पाण्याचे डाग काढायला गेले आणि बोनेटचा क्लिअर कोट घालवून बसले

आधीच कबूल करते की सुरुवात माझ्याच शहाणपणापासून झाली. आरओ प्युरिफायरमधून जे पाणी वाया जातं ना, ते बादलीत साठवून मी गाडी धुवायचे, म्हटलं पाणी पण वाचतं आणि गाडी पण धुऊन होते. आता कळतंय की त्या पाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, कारण चांगलं पाणी एका नळीतून काढून घेतलं की मागे राहिलेले सगळे क्षार या दुसऱ्या नळीतून बाहेर येतात. म्हणजे काळ्या गाडीवर मी दर रविवारी क्षारांचं पाणी ओतत होते आणि वर ती उन्हातच वाळायला सोडत होते. पाच-सहा महिन्यांत गाडीभर पांढरी वर्तुळं, मधे जरा स्वच्छ आणि कडेला पांढरी रिंग, थेंब वाळताना क्षार कडेला जमतो म्हणून तशी रिंग होते. शाम्पूने जात नाहीत. ओलं फडकं मारलं की वाटतं गेले, आणि वाळलं की सगळे जागच्या जागी हजर.

मग एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडी पॉलिशबिलिश करून चकाचक करून देणाऱ्याकडे गेले. नाव घेत नाही, कारण ही पद्धत काही त्या एकट्याची नाहीये. आत एसी, भिंतीवर चकचकीत गाड्यांचे फोटो, छताला ते षटकोनी लाइट. त्या लाइटखाली धुतलेली कुठलीही गाडी आरशासारखी दिसते हे मला फार नंतर कळलं. मुलगा बोलायला एकदम गोड. "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका, आधी डेमो बघा." ड्रायव्हरच्या दारावर एका साध्या पांढऱ्या बाटलीतून काहीतरी स्प्रे केलं, दोन मिनिटं थांबला, मायक्रोफायबरने पुसलं, पाणी मारून परत पुसलं, आणि वहीच्या पानाएवढी जागा काळीभोर. एकही वर्तुळ नाही. आंबट वास आला होता, चांगला आठवतोय, पण तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नाही.

मी म्हटलं, मग हेच करा ना सगळ्या गाडीवर. तर म्हणतो, "नाही मॅडम, हे टेम्पररी आहे. तुमच्या गाडीत डाग मुरलेत. वरचे काढले तरी आठ दिवसांत आतून परत वर येणार. त्याला तीन स्टेजचं करेक्शन, म्हणजे मशीनने पॉलिश करून वरून सिरॅमिक कोटिंगने सील करायला लागतं."

हे "आतून वर येणार" नीट लक्षात ठेवा, माझे पैसे याच तीन शब्दांवर गेलेत. डाग काही भिंतीतल्या ओलीसारखा आतून वर येत नसतो. क्षार येतो तो वरून, पाण्याबरोबर. एक तर तो रंगाच्या वर बसलेला असतो, थरासारखा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या गीझरमध्ये आणि नळाच्या तोटीला जमतो तोच. किंवा मग खूप दिवस उन्हात तापून त्याने क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला खाल्लेलं असतं, म्हणजे तिथे बारीक खड्डा पडलेला असतो, आणि खड्ड्यात डाग नसतोच, नुसता खड्डा असतो. पहिला प्रकार सौम्य आम्लाने विरघळतो. दुसऱ्याला पॉलिश करून आजूबाजूचा थर खड्ड्याच्या लेव्हलला आणावा लागतो. तिसरा प्रकार नाही. आणि माझ्या दारावर तो पठ्ठ्या दोन मिनिटांत फडक्याने डाग काढून दाखवतो म्हणजे दारावरचा डाग पहिल्या प्रकारातला होता हे त्याला स्वतःला चांगलं माहीत होतं! माझ्याच समोर पुरावा दिला आणि माझ्याच समोर उलटं सांगितलं, आणि मी मान हलवत बसले.

मग दुसरा डेमो. एका सुट्ट्या बोनेटवर कोटिंग मारलेलं, त्यावर लायटर पेटवून धरला, बघा काही झालं का. आता गाडीला लायटर लावतं कोण? पण बघताना भारी वाटतं हो. आणि "९एच हार्डनेस आहे मॅडम, दगड मारा." ते ९एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याबिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. दगड मारला तर ओरखडाच उठणार. आणि सिरॅमिक केलेल्या गाडीवर पाण्याचे डाग पडत नाहीत हेही खोटं, उलट कोटिंगवर पाण्याचे टपोरे गोल थेंब उभे राहतात आणि ते तसेच उन्हात वाळले तर छान गोल गोल डाग पडतात. कोटिंगने धुणं सोपं होतं, बास.

सकाळी दहाला गाडी दिली, संध्याकाळी सातला परत. तीन स्टेज पॉलिश आणि वर कोटिंग, पूर्ण गाडी, नऊ तासांत. तेव्हा मला वाटलं काय फास्ट लोक आहेत! नीट करणाऱ्याला याला दोन-तीन दिवस लागतात, आणि कोटिंग मारल्यावर ते सुकेपर्यंत गाडीला पाणी लागू द्यायचं नसतं, हे कोणी सांगितलंही नाही. पण गाडी दिसत होती मात्र अशी की मी पार्किंगमध्ये दोनदा मागे वळून बघितलं. दिलेल्या पैशात चार नवे टायर आले असते, तरी त्या रात्री काही वाटलं नाही.

पहिल्या धुण्याला ठीक. दुसऱ्याला बोनेटवर काहीतरी पुसट दिसायला लागलं. तिसऱ्या धुण्यानंतर बोनेटवरची वर्तुळं जशीच्या तशी परत, त्याच जागी, तीच मोठी अंडाकृती रिंग वायपरपाशी जी मला तोंडपाठ होती. शिवाय आता एक नवीन प्रकार, उन्हात तिरकं बघितलं की पूर्ण बोनेटवर गोल गोल चमकत्या रेघा, जसं काही कोणी तारेच्या काथ्याने घासलंय. आणि ड्रायव्हरच्या बाजूला बोनेटची जी धार आहे तिथे बोटभर लांबीचा एक धुरकट पट्टा, आजूबाजूला काळा चकचकीत आणि तो पट्टा फळ्यासारखा मॅट. हात फिरवला तर मधेच बारीक काठ लागतो.

गेले परत. आता तो गोड मुलगा नव्हता, दुसराच कोणी. वॉरंटी कार्डाच्या मागे इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं की मोबाइलने फोटो काढून झूम करून वाचलं: पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांचा वॉरंटीत समावेश नाही. म्हणजे ज्याच्यासाठी गेले तेच वगळलेलं. "आणि मॅडम, डाग आतून वर आलेत, आम्ही तर आधीच सांगितलं होतं." खरंच असं म्हणाला! धारेवरचा पट्टा? "तो कंपनीचाच डिफेक्ट असणार."

मग दादाने त्याच्या ओळखीच्या पेंटर काकांकडे नेलं. काकांनी आधी गाडीकडे बघितलंच नाही, कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि बोनेटचा जो भाग अजून बरा दिसत होता तिथे दोनदा पुसलं. पुसल्या पुसल्या त्या चौकोनात वर्तुळं आणि रेघा वर. "हे बघा ताई, तुमचं करेक्शन." फिलर होता. म्हणजे तेलकट ग्लेझ, खड्ड्यात आणि ओरखड्यात भरून बसतं, लाइटखाली सगळं सपाट दिसतं आणि दोन-चार शाम्पूत निघून जातं. खरं कोटिंग एका धुण्यातच काय, अल्कोहोलने पुसून पण जात नाही, मग कोटिंग कुठे होतं? काका नुसतेच हसले.

नंतर त्यांनी रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं. छतावर ११८ मायक्रॉन, दारांवर ११० च्या आसपास, बोनेटच्या मध्यावर ८४, आणि त्या धुरकट पट्ट्यावर ६१. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतात, त्यातला क्लिअर कोट म्हणजे ४०-५०, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. तेवढंच भांडवल असतं हो, ते घासून संपलं की संपलं. बोनेटवर इंजिनची उष्णता आणि ऊन दोन्ही लागतं म्हणून तिथले काही डाग खरंच खड्डे झाले होते, ते हलक्या हाताने थोडे कमी करता आले असते. याने मात्र रोटरी मशीन आणि जाड कंपाउंड (घासायची पेस्ट) लावून रगडलं, आणि धारेवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे मशीन क्षणभर जास्त थांबलं की थर जळतोच. पट्ट्यावर आता पॉलिशने काही होणार नाही, रंगच मारायला लागणार.

आणि आता ज्याने मला सगळ्यात जास्त राग आला ते. मागच्या डाव्या दाराला त्या लोकांनी मशीनच लावलं नव्हतं, फक्त ग्लेझ फासलेलं, तेही निघून गेलेलं, डाग तसेच. काकांनी साधं पांढरं व्हिनेगर, तेवढंच डिस्टिल्ड पाणी, एक फडकं भिजवून डागांवर मिनिटभर चिकटवून ठेवलं. सावलीत, पत्रा थंड असताना. जवळून बघितलं तर रिंगेच्या कडेला अगदी बारीक बुडबुडे. आम्लात क्षार विरघळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड निघतो तो हा. वास तोच, डेमोवाल्या बाटलीचा! फडकं काढलं, भरपूर पाणी, मग शाम्पू, पुसलं, दार स्वच्छ. तीन महिने झाले, "आतून" काहीही वर आलेलं नाही.

म्हणून सांगते, कोणाला गाडी द्यायच्या आधी हे घरी करून बघा, एका कोपऱ्यात. व्हिनेगर वाळू द्यायचं नाही, उन्हात करायचं नाही, मॅट रंगावर तर नाहीच. गेला डाग तर तुम्हाला मशीनची गरजच नाही. नाही गेला तर मग पॉलिशवाल्याकडे जा, पण मीटरने प्रत्येक पॅनलचं रीडिंग आधी आणि नंतर कागदावर लिहून घ्या (प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं मीटर चालत नाही, तिथला आकडा कोणी दाखवत असेल तर समजून जा), आणि पॉलिश झाल्यावर, कोटिंगच्या आधी, तुमच्या समोर अल्कोहोलने पुसायला लावा, आणि गाडी बाहेर उन्हात काढून बघा. जो या तीनपैकी एकालाही "गरज नाही मॅडम" म्हणेल तिथून सरळ निघा. टूथपेस्टने घासा वगैरे सल्ले पण ऐकू नका, त्यात घासणारे कण असतात, ओरखडे तुमचेच. आणि काचेवरचे डाग काढायला कोणी एकदम स्ट्राँग, बिनलेबलचं लिक्विड आणलं तर त्याला हातच लावू नका, अशा काहीत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते काच तर खातंच आणि कातडीतून आत जाऊन भयंकर भाजतं.

आरओचं ते पाणी आता फरशी पुसायला. गाडी सावलीत धुते आणि थेंब वाळायच्या आधी मोठ्या टॉवेलने टिपून घेते, एवढंच. बोनेट रंगवायचं अजून जमवलेलं नाही, एक पॅनल रंगवलं की शेड जुळेल का ही एक नवीन भीती, त्यामुळे सध्या गाडी लावताना ती धार भिंतीच्या बाजूला येईल अशी लावते.